तसे पाच कमी नऊ

आप्पासो चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीसमोर आल्याबरोबर रत्नाक्कांच्या कमरेशी खट् असा आवाज झाला आणि त्या जागच्या जागी खिळल्या. उजवं पाऊल पुढे, डावी टाच किंचित वर आणि तोंड बरोबर हमरस्त्याकडे. मान वळत होती, हात हलत होते. कमरेखालचं सगळं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचं झालं होतं.

"झालं का सुरू?" पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावत आप्पासो बाहेर आले. पहिल्या दिवशी त्यांनी लगबगीनं स्टूल आणून "बसा की आक्का" असा आग्रह केला होता. बसता आलं असतं तर बाई भर रस्त्यात उभी कशाला राहिली असती, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात यायला पाच मिनिटं गेली. आता ते स्टूल आक्कांच्या पुढ्यात रस्त्यावर ठेवायचे, म्हणजे उसाचे ट्रॅक्टर वळसा घालून जात.

"पंधरा मिनिटं," रत्नाक्का म्हणाल्या. "तुम्ही दळण बघा. मी कुठं जात नाही."

हे विनोदानं म्हटलं होतं, पण म्हणून झाल्यावर त्यांनी आप्पासोंकडे बघायचं टाळलं.

रत्नप्रभा मगदूम, वय सदुसष्ट, जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत एकट्या राहत. तीन वर्षांपूर्वी मणक्याच्या आजारानं पाय गेले, आणि त्यानंतर वर्षभरात नवरा गेला. उरला मुलगा सन्मती, तो सांगलीला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी गाडी काढून आईला बघून जायचा. आणि उरला तो सांगाडा.

त्या यंत्राला कागदोपत्री मोठं भारदस्त नाव होतं, पण घरात त्याला सांगाडाच म्हणत. कमरेपासून टाचेपर्यंत काळ्या पट्ट्या, सांध्यांमध्ये मोटारी आणि मांडीच्या कातडीला चिकटून बसणारे संवेदक. पाय दुबळा झाला तरी माणसानं "चल" असं मनात आणलं की स्नायूत विजेची एक बारीक थरथर उमटतेच. संवेदक ती थरथर सेकंदाला हजार वेळा मोजत आणि उरलेलं काम मोटारी करत. ज्यांनी हे बनवलं त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. मोजमाप वेळेवर आलं नाही आणि मोटार जुन्या मोजमापावर हलली, तर माणूस तोंडावर आपटेल. म्हणून त्यांनी नियम घातला, की ताजं मोजमाप येत नसेल तर सगळे सांधे आवळून टाकायचे. मग पट्टे उघडत नाहीत आणि उभं असताना बंद करायचं बटणही चालत नाही. पडण्यापेक्षा अडकलेलं बरं, असा त्यांचा विचार. अडकणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मिरजेच्या एका रुग्णालयाच्या ट्रस्टनं आक्कांना हा सांगाडा वापरायला दिला होता. तो बनवणारी कंपनी पुढे दोन वर्षांत गुंडाळली गेली. तरी सांगाडा चालत राहिला, कारण त्याच्या आतली 'पारंबी' ही प्रणाली कंपनीची नव्हतीच. ती खुली होती. कुणीही तिची ओळ न् ओळ वाचावी, चूक दिसली तर सुधारावी. जगभरातली माणसं आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून ती फुकटात वाढवत होती. तक्रार करायला खिडकी नव्हती, साहेब नव्हता. फक्त एक पान होतं. त्यावर आपापल्या भाषेत लिहायचं, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसे.

आक्कांनी लिहिलं होतं : "सांगाडा चालता चालता अडकतो. अतिशय त्रास होतो. कृपया लवकर दुरुस्त करावे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "माहिती अपुरी. तपास थांबवला आहे. — मिरेला."

आक्कांचा पारा चढला. ही कोण टिकोजीराव? इथं माणूस रस्त्यात खांबासारखा उभा राहतो आणि हिला माहिती अपुरी वाटते! तासभर त्या मनातल्या मनात मिरेलाला फैलावर घेत होत्या. मग आपलं पत्र त्यांनी पुन्हा वाचलं आणि त्यांचे कानच गरम झाले.

एकतीस वर्षं त्यांनी वीज कचेरीच्या तक्रार कक्षात फोन घेतले होते. दिवसातून पन्नास वेळा कुणीतरी ओरडायचं, "लाइट गेलीय!" आणि आक्का शांतपणे विचारायच्या, कुठली गल्ली? शेजारची आहे का? सगळीच गेली की पंखा हळू फिरतोय? जायच्या आधी दिवा मोठा झाला होता का? घरात तेव्हा काय चालू केलं होतं? लाइनमन म्हणायचे, आक्कांच्या वहीत तक्रार आली की अर्धं काम झालेलं असतं. आणि स्वतःच्या पायावर बेतल्यावर याच बाईनं काय लिहिलं होतं? लाइट गेलीय.

त्यांनी दोनशे पानी वही काढली. अकरा दिवस एक दिवस न चुकता नोंदी केल्या. मग पानावर नवं पत्र गेलं. सांगाडा रोज एकाच ठिकाणी अडकतो, घरापासून बेचाळीस पावलांवर, गिरणीसमोर. दर वेळी पंधरा मिनिटं, त्यात फरक नाही. जाताना अडकतो, येताना नुसता एक हिसका बसतो. सोमवारी अडकत नाही. सोमवारी दुरुस्तीसाठी भागातली वीज बंद असते, त्यामुळे गिरणीही बंद असते. म्हणून गिरणीच्या मोटारीमुळे असं होत असावं, असा संशय आहे.

त्याखाली पानानं विचारलेला एक प्रश्न होता : "तुमच्या घरच्या यंत्रणेत नेहमीपेक्षा वेगळं काही आहे का?" आक्कांनी लिहिलं, "नाही."

यावेळी मिरेलाचं उत्तर तासाभरात आलं. ती रोमानियातल्या क्लुज गावात शाळेत गणित शिकवायची. "आता हे पत्र वाचण्यासारखं आहे," तिनं लिहिलं होतं. "पण माझ्याकडे गिरणी नाही. तुम्ही एकच गोष्ट बदलून बघा. बाकी सगळं होतं तसं ठेवा."

एकच गोष्ट बदला, हे आक्कांना पटलं. बुधवारी सकाळी आप्पासोंनी त्यांच्या शब्दाखातर गिरणी बंद ठेवली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या सहा-सात बायका ओट्यावर बसल्या आणि गारुड्याचा खेळ बघावा तशा रस्त्याकडे बघत राहिल्या. आक्का आल्या. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.

खट्.

"म्हणजे माझी गिरणी निर्दोष सुटली," आप्पासो म्हणाले. पण त्यांना हसू आलं नाही, कारण त्याच वेळी शाळेची बस वळणावर आली. तिच्या ड्रायव्हरला स्टूल दिसलं नाही. स्टूल चाकाखाली गेलं आणि बसचा पत्रा आक्कांच्या पुढे केलेल्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावरून सरकत गेला. आक्कांना पाऊल मागे घेता आलं नाही. डोळे मिटणं तेवढं हातात होतं.

डोळे उघडले तेव्हा समोर सन्मतीची गाडी उभी होती. त्यानं सगळं पाहिलं होतं.

तो पंधरा मिनिटं आईला धरून रस्त्यात उभा राहिला. घरी आल्यावर बोलला.

"बरी आहेस ना?"

"आहे की."

"काय आहे की? आई, बास झालं आता. मी ट्रस्टला कळवतोय. रविवारी माणूस येईल आणि सांगाडा घेऊन जाईल. तू माझ्याकडं सांगलीला यायचंस. चाकाची खुर्ची आणू, दिवसभराची बाई ठेवू."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे की."

"आणि लिफ्टनं खाली येऊन कुठं जाऊ? वॉचमनच्या टेबलापाशी?"

सांगाडा एकदा परत गेला की तो पुन्हा मिळत नाही, ट्रस्टच्या यादीत दीडशे माणसं आहेत, हे दोघांनाही माहीत होतं. सकाळी स्वतःच्या पायांनी नगरवाचनालयात जाऊन, नऊला दार उघडताच सगळ्यांच्या आधी पेपर उलगडायचा, एवढंच आक्कांचं सुख होतं. ते रविवारी संपणार होतं. पोराच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांना भांडताही येईना. तो दुष्टपणानं बोलत असता तर किती सोपं झालं असतं! रविवारपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, अशी शपथ घालून तो गेला.

शुक्रवारी सकाळी मिरेलाचा निरोप आला. आता त्या दोघी थेट बोलत होत्या, एकीचं बोलणं दुसरीला तिच्या भाषेत लिहून दिसत होतं.

"एक विचित्र गोष्ट सापडलीय. तुमचं कालचं पत्र मला मिळालं तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे पाच सव्वीस झाले होते. पण पत्रावर लिहिल्याची वेळ आहे पाच एकेचाळीस. म्हणजे तुम्ही लिहिण्याआधीच ते मला पोचलं. तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?"

आक्कांनी टीव्हीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. "नऊ दहा. म्हणजे तसे पाच कमी नऊ."

मिरेलानं तोच शब्द उचलला.

"तसे म्हणजे कसे?"

"आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असतं," आक्का म्हणाल्या. "उशीर होऊ नये म्हणून."

"पण पुढे आहे हे तुम्हाला माहीत असतं ना?"

"सगळ्यांनाच माहीत असतं की. आम्ही मनात पंधरा वजा करतो."

"मग उपयोग काय?"

उपयोग आक्कांच्या नवऱ्याला विचारायला हवा होता. भूपाल मगदूम तंबाखूच्या वखारीत कारकून होते आणि पस्तीस वर्षं रोज उशिरा पोचत होते. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, आणि त्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर ते जास्तच निवांतपणे आंघोळ करू लागले. पुढे घरात घरपेटी आली. तळहाताएवढी ती डबी दिवे, पंखे, टीव्ही, फोन सगळ्यांना वेळ सांगायची. भूपालनी पहिल्याच दिवशी तिच्यात शिरून पंधरा मिनिटं वाढवली. एका बोटात सगळं घर पुढे, म्हणून तेव्हा काय मिशीत हसले होते! ते गेल्यावर सन्मती घड्याळ नीट करायला निघाला, तेव्हा आक्का त्याच्या अंगावर ओरडल्या होत्या. माणूस गेला, पण घरातली वेळ त्यांची होती. यंत्रणेत वेगळं काही आहे का, असं कुणी विचारलं तर कसं आठवणार? जन्मभर जे तसंच होतं ते वेगळं वाटतच नाही.

"जानेवारीत आम्ही पारंबी बदलली," मिरेला सांगू लागली. "आधी सांगाडा वेळ उपग्रहाकडून घ्यायचा. बॅटरी वाचावी म्हणून आता तो घरात असताना घरपेटीकडून घेतो. तुम्ही बेचाळीस पावलं चाललात की पेटीचा टप्पा संपतो, मग तो उपग्रहाला विचारतो. आणि उपग्रह सांगतो, पंधरा मिनिटं कमी कर. आता प्रत्येक मोजमापावर वेळेचा शिक्का असतो. शेवटच्या शिक्क्यावर नऊ आहेत आणि नव्यावर पावणेनऊ. पारंबीला वाटतं, ही तर शिळी मोजमापं! ती सगळी फेकून देते. पुन्हा नऊ वाजेपर्यंत फेकत राहते."

"आणि सोमवारी वीज नसते," आक्का हळूच म्हणाल्या. "म्हणजे घरपेटीच बंद. घरातसुद्धा वेळ उपग्रहाचीच."

"बरोबर. चूक आमची आहे. यंत्रात दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरच्यासारखं, कुणीही काटे मागंपुढं करावेत असं. दुसरं फक्त मोजत जातं, चालू केल्यापासून किती क्षण गेले ते. त्याला किती वाजले ते ठाऊक नसतं, पण ते कधीच मागे जात नाही."

"मीटर," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"विजेचा मीटर. पुढंच जातो. तुम्ही मीटर बघायचा सोडून भिंतीवरचं घड्याळ बघितलंत."

"हो," मिरेलानं लिहिलं. "अगदी तेच. तुम्ही घरपेटी बरोबर लावा, उद्यापासून तुमचं चालणं सुरू."

आक्कांनी सुटकेचा श्वास घेतला. इतकं सोपं! पण मिरेलाचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं एक जुनी तक्रार समोर ठेवली. चिलेमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून, दीड महिन्यापूर्वी आलेली. ओक्ताव्हियो नावाच्या कुणा माणसाची. त्यात एवढंच होतं : "उघडत नाही. दया करा."

खाली मिरेलाचं उत्तर : "माहिती अपुरी. तपास थांबवला आहे."

"त्याचं घड्याळ किती पुढे होतं कुणास ठाऊक," मिरेलानं लिहिलं. "पंधरा मिनिटं, एक दिवस, एक महिना. मी त्याला पुन्हा तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. माझा अंदाज बरोबर आहे असं मला वाटतं, पण अंदाजावर आम्ही पारंबीला हात लावत नाही. चुकीची दुरुस्ती हजारो माणसांच्या पायात जाते. मला खरी अडकण्याची नोंद हवी. सांगाड्याला वायर जोडून, अडकलेला असताना. आमच्याकडे सांगाडा नाही. नवी आवृत्ती रविवारी ठरतेय, नंतरची सहा महिन्यांनी."

आक्कांनी फार विचार केला नाही. विचार केला असता तर धीर सुटला असता.

शनिवारी सकाळी त्यांनी सन्मतीला सगळं सांगितलं. आनंदानं तो जवळजवळ उडालाच. "म्हणजे फक्त घड्याळ? मग लाव की नीट! रविवार रद्द!"

"लावायचं. पण आधी मी एकदा गिरणीपर्यंत जाऊन येणार, वायर जोडून. एकदाच."

"मुद्दाम अडकायला? आई, डोकं ठिकाणावर आहे का? बस विसरलीस? तुझं झालं ना, मग बास की!"

"त्या माणसाचं?"

"तो कोण लागतो तुझा?"

"ग्राहक," आक्का म्हणाल्या.

सन्मतीनं कपाळावर हात मारला. आक्का मधल्या खोलीत गेल्या, पट्टे आवळले, सांगाड्यावर उभ्या राहिल्या, मिरेलानं सांगितली तशी वायर खोचली आणि दुसरं टोक फोनला लावलं. बाहेर सन्मतीच्या डोळ्यांपुढे बसचा पत्रा नाचत होता. आईला रस्त्यावर पाठवायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं घरपेटी उघडली आणि वेळ बदलायला घेतली. डोळा सारखा मधल्या खोलीच्या दाराकडे होता. सकाळचे पावणेनऊ लावायचे होते, ते लागले रात्रीचे. घाईघाईनं त्यानं चूक सुधारली.

आतून आवाज आला. खट्.

सन्मती धावत आत गेला. आई खोलीच्या मधोमध उभी होती, एक पाय पुढे टाकून.

"घरातच?" आक्का म्हणाल्या. "बेचाळीस पावलं झालीच नाहीत. सन्मती, तू काही केलंस?"

"काही नाही गं." त्यानं गुडघ्यावर बसून पट्टे ओढले. ते हलले नाहीत. बटण दाबलं. काही नाही. "काही नाही, सुटेल आता पंधरा मिनिटांत."

सुटलं नाही. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. आक्कांच्या पोटऱ्यांत मुंग्या आल्या आणि मग त्याही जाऊन नुसतं जडपण उरलं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, सांगाड्यात तासाभरावर निश्चल उभं राहायचं नाही. पायात रक्ताची गुठळी होते आणि ती वर चढली तर माणूस हाती लागत नाही. चार भिंती तेवढ्या नेहमीच्या होत्या, पण आक्कांना त्या जवळ सरकल्यासारख्या वाटू लागल्या. चिलेच्या त्या माणसाची खोली कशी असेल, हा प्रश्न मनात आला आणि त्यांनी तो ढकलून दिला.

"मी आप्पासोंकडून करवत आणतो," सन्मती रडकुंडीला येऊन म्हणाला.

"थांब. ताणलेली पट्टी तुटली तर मांडी फाडंल. आधी सांग. काय केलंस?"

"म्हटलं ना, काही नाही, नुसतं घड्याळ—"

"काही नाही म्हणू नकोस!" आक्कांचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. एकतीस वर्षं फोनवर लावलेला तो आवाज होता. "हे बघ. तुझी चूक काढायची नाही मला. पहिलं काय दाबलंस?"

सन्मतीनं नाक पुसलं. "वेळ बदलायचं."

"मग?"

"पावणेनऊ लावले. पण ते... रात्रीचे लागले. वीस पंचेचाळीस."

"किती वेळ होते तसे?"

"दहा-बारा सेकंद. लगेच सकाळचे केले की मी."

आक्कांनी डोळे मिटले. दहा-बारा सेकंद पुरेसे होते. शेवटच्या मोजमापावर रात्रीच्या पावणेनऊचा शिक्का बसला होता. आता रात्रीचे पावणेनऊ वाजेपर्यंत येणारं प्रत्येक मोजमाप शिळं. बारा तास. आणि डॉक्टरांनी दिलेल्या एका तासातला अर्धा आत्ताच संपत आला होता.

"आई, काय गं? बोल ना."

"याला रात्रीचे पावणेनऊ वाजायला हवेत," आक्का सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी डोळे उघडले. "मग वाजव की!"

"काय?"

"घरपेटीत रात्रीचे नऊ लाव. याला काय कळतंय सकाळ का रात्र? ते सोडंल मला. सुटल्या सुटल्या खाली बसव, पट्टे काढ, बंद कर."

सन्मती घरपेटीकडे झेपावला. त्याचं बोट टेकणार एवढ्यात आक्का ओरडल्या, "थांब!"

फोनवर मिरेलाचे शब्द उमटत होते. नोंद येतेय, ही तर हवी होती त्याहून चांगली. पण सगळी पोचायला अजून अठरा मिनिटं लागतील. नंतर आणखी एक ओळ आली : "तुम्हाला धोका असेल तर सोडवून घ्या. मी दुसरा मार्ग बघेन."

दुसरा मार्ग म्हणजे सहा महिने, हे आक्कांना कळत होतं. त्यांनी भिंतीवर नजर टाकली. उभं राहून अर्धा तास झाला होता. अर्धा अधिक अठरा.

"बसतंय तासात," त्या म्हणाल्या. "बोट तिथंच ठेव. दाबू नको."

"आई, मला हे जमणार नाही."

"मला तरी कुठं जमतंय? भीती वाटतीय रे मला. पण उभी आहे ना?"

आईला भीती वाटते, हे सन्मतीनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यानं एका हाताचं बोट घरपेटीवर ठेवलं, दुसऱ्या हातानं आईचा हात धरला. "बरी आहेस ना?" सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

आक्का "आहे की" म्हणणार होत्या. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "डाव्या टाचेत कळ आहे, मघापासून. उजव्या पायाचं काही कळत नाही. आणि रोज गिरणीपाशी उभं राहून मला लाज वाटायची. लोक बघायचे. तुला सांगितलं नाही कारण तू सांगाडा काढून नेला असतास. सांगलीला मला यायचं नाही. तू वाईट आहेस म्हणून नाही. तिथं मला कुठं जायला नाही म्हणून."

सन्मती ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "कळ सारखी आहे का थांबून थांबून?"

"सारखी."

"मघापेक्षा वाढलीय?"

"थोडी."

आई तक्रार कक्षातून घरी येऊन जे प्रश्न सांगायची तेच आपण विचारतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आक्कांच्या आलं. अठरा मिनिटं त्यांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. अखेर फोनवर शब्द आले, "पोचली."

"वाजव," आक्का म्हणाल्या.

सन्मतीनं सकाळी रात्रीचे नऊ वाजवले. खट् झालं, गुडघे सैल पडले आणि आक्का त्याच्या अंगावर कोसळल्या. पट्टे सुटल्यावर दोघं फरशीवरच बसून राहिले. सन्मती तिच्या पोटऱ्या चोळत होता आणि लहानपणी रडायचा तसा मोठ्यानं रडत होता. रविवारी येणाऱ्या माणसाला त्यानंच फोन करून नको सांगितलं. घरपेटी त्यानं पुन्हा वडलांच्या वेळेवर नेऊन ठेवली, आणि नवी पारंबी येईपर्यंत आक्का घरातच राहिल्या.

तीन आठवड्यांनी नवी पारंबी आली, भिंतीवरचं घड्याळ सोडून मीटर बघणारी. दरम्यान मिरेलानं त्या जुन्या तक्रारीखाली एक ओळ लिहिली होती : अडकलात तर घड्याळ पुढे करा. तिला उत्तर आलं ते ओक्ताव्हियोच्या मुलीचं. वडील सात तास अडकून होते, शेजाऱ्यांनी कापून काढलं. जिवंत आहेत. सांगाडा दुरुस्त झालाय, पण कोठीत पडून आहे. आपल्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असं त्यांना वाटत होतं, म्हणून पुन्हा कुणाला विचारायची लाज वाटली. ते विचारतात, आता घालून बघू का?

आक्कांनी स्वतः उत्तर लिहिलं. "घाला. मीही घातलाय. अडकलात तर सांगा, पण कुठं होतात, काय करत होतात, काय झालं, सगळं सांगा. लाजू नका."

"आता घड्याळ नीट करू?" त्या दिवशी सन्मतीनं विचारलं.

"राहू दे तुझ्या वडलांचं. आता चालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या घड्याळात पावणेनऊ झाल्यावर त्या निघाल्या. गिरणीसमोर आप्पासो नवं स्टूल घेऊन सवयीनं तयारच होते. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. आक्कांनी श्वास रोखला. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. आप्पासो स्टूल हातात धरून तसेच बघत राहिले आणि आक्का हमरस्ता ओलांडून गेल्या.

वाचनालयाचं दार बंद होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. कुलपाकडे बघत त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. आनंदाच्या भरात पंधरा वजा करायचे राहूनच गेले होते. पायरीवर बसायला जागा होती, पण आक्का बसल्या नाहीत. दार उघडेपर्यंतची पंधरा मिनिटं त्यांनी फाटकापासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालण्यात घालवली.